पोपटी लँडमास्टर

पनवेल, कोळीवाडा
१४ जानेवारी १९९०

दिपाच्या बाबांना ललिताचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग उशीखाली ठेवलं. आम्ही इकडे ठीक. दिपा कॉलेजात रुळली. आता गाडीचं.

लँडमास्टर भंगारात देऊन टाक, परसातली जागा तरी मोकळी होईल, असं तुम्ही लिहिलंत. नवऱ्याचा शब्द ठेवावा म्हणून मी कळंबोलीच्या भंगारवाल्याला बोलावलंसुद्धा. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दाराला सणसणीत लाथ घातली. म्हणे, पत्रा किती उरलाय ते आवाजावरून कळतं. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावला. ज्या दारातून मी लग्नानंतर या घरी उतरले त्या दाराला कुणी लाथ घालायची नाही. म्हणून गाडी विकलेली नाही आणि विकणारही नाही.

खोटं सांगत नाही, अवस्था वाईट आहे. तुम्ही ड्रायव्हरीला कुवेतला गेल्यापासून तिला हात लागलेला नाही. त्याआधी करंजाच्या बंदरावरून आमच्या मासळीच्या पाट्या वाहिल्यात, त्यांतलं खारं पाणी गळून गळून मागचा तळ गेला. आत बसलं की पायाखाली परसातलं गवत दिसतं. डिकीत कोंबडी अंडी घालते. पण इंजिन जागेवर आहे, काचा शाबूत आहेत आणि मला राग आलेला आहे. एवढ्यावर काम सुरू होतं.

तुम्ही गेलात तसे आमचे हाल सुरू झाले, ते मी आजवर लिहिलं नाही. टेम्पोवाला मनात आलं तर थांबतो, नाहीतर ‘वास येतो’ म्हणून निघून जातो. पाट्या बाजारात पोचेपर्यंत ऊन चढतं आणि मग गिऱ्हाईक नाक मुरडतं. पावसाच्या आत मला ही गाडी रस्त्यावर हवी आहे.

तुमची,
ललिता

*

कुवेत
१ फेब्रुवारी १९९०

ललिता,

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, ती गाडी आहे की डालडाचा डबा? सत्तावन्न सालचं मॉडेल. मी शेवटी चालवली तेव्हाच तिचं दार दोरीनं बांधावं लागत होतं. तू त्यात हात घालून घेशील आणि पत्रा लागून धनुर्वात होईल, एवढंच निष्पन्न होईल.

मी तुला निघताना काय सांगितलं होतं? चार वर्षं काढतो आणि येताना नवी कोरी पांढरी मारुती व्हॅन आणतो. दोन गेली, दोन राहिली. त्या व्हॅनवर पुढच्या काचेला दिपाचं नाव घालायचं, हेसुद्धा माझं ठरलंय. तोवर टेम्पोवाल्याशी गोड बोल. तुला गोड बोलता येतं, मी ऐकलंय एकदा.

भंगारवाला तो नको असेल तर दुसरा बघ. पण गाडी काढ. आईला सांग मी धडधाकट आहे, इकडे थंडी कडक आहे.

काशिराम

*

पनवेल
४ मार्च १९९०

दिपाच्या बाबांना नमस्कार.

तुमचा सल्ला पोचला तेव्हा मागचा तळ कापून झाला होता, त्यामुळे आता तो मानता येत नाही.

नाक्यावरचा दादू वेल्डर तुम्हाला आठवत असेल, टँकरच्या टाक्या जोडतो तो. तो रविवारी आमच्या परसात गॅसची नळकांडी घेऊन येतो. पहिल्या दिवशी तो हसला. म्हणाला, वहिनी, याच्यात जोडायचं कशाला कशाला? मी म्हटलं, तू चांगला पत्रा आणि कुजका पत्रा यांच्यात रेघ मारून दे, कुजका मी कापते. खडूनं रेघ मारली आणि मी छिन्नी-हातोडा घेऊन बसले. सुरमईचे तुकडे करणाऱ्या हाताला कुठवर मांस आणि कुठे काटा, हे सांगावं लागत नाही. कुजलेला पत्रा पापडासारखा निघाला. मग कळंबोलीच्या लोखंड बाजारातून नवा पत्रा आणला. तिथल्या माणसानं विचारलं, बाई, छपराला का? म्हटलं, नाही, मोटारीला.

दोन्ही फुटबोर्ड नवे झाले, मागचा तळ नवा झाला, दारं आपापल्या जागी बसतात. दारांना, बॉनेटला आणि मडगार्डांना काचकागद मारमारून मी पार उघडा पत्रा काढलाय. शेजारची कमळी संध्याकाळी मदतीला येते, आणि जास्त वेळ बोलते.

आता अडलंय ते इंजिन. हॅण्डल घातलं तर तसूभर फिरत नाही. दादू म्हणतो जाम झालं, उतरवून मेकॅनिककडे न्या. मी म्हटलं, एका माणसाला विचारते. तर विचारते आहे.

ललिता

*

कुवेत
२० मार्च १९९०

ललिता,

खबरदार कुणी इंजिन उतरवलंत तर. आणि हॅण्डलवर हातोडा तर मुळीच मारू द्यायचा नाही. दादूचं काम टाकीचं, त्याला टाकीशीच राहू दे.

नीट वाच. चारही प्लग काढ. प्रत्येक भोकातून अर्धी वाटी रॉकेल आणि थोडं इंजिन ऑइल ओत. प्लगच्या जागी चिंध्यांचे बोळे लाव आणि आठवडाभर तिच्याकडे बघूसुद्धा नको. मग हॅण्डल घालून पुढे-मागे, पुढे-मागे, हळूच. ओढाताण करायची नाही. एकदा बोटभर हललं की समज सुटलं. बोळे काढून हॅण्डल मारून सगळं रॉकेल बाहेर उडू दे, तोंड बाजूला ठेव. जुनं तेल काढून नवं घाल. कार्बोरेटर खोलून धू आणि पेट्रोलची टाकी तर धुवायलाच हवी, तळाशी गंज असणार.

चालू करताना चोक पूर्ण ओढ. पहिल्या फटक्याला चिडेल, दुसऱ्याला शिंकेल, तिसऱ्याला घेईल. तिची सवयच तशी.

मला हे पटलेलं नाही, हे लक्षात ठेव. पण करायचंच तर नीट कर.

काशिराम

*

पनवेल
२२ एप्रिल १९९०

दिपाच्या बाबांना नमस्कार.

तिसऱ्याला नाही, पाचव्याला घेतलं. पण असं घेतलं की कोंबडी जी उडाली ती कमळीच्या पत्र्यावर जाऊन बसली. परसभर निळा धूर आणि त्या धुरात तुमच्या आई हात जोडून उभ्या. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं. तुमच्याशिवाय हा आवाज पहिल्यांदा ऐकला.

पण आज पत्र लिहिते आहे ते रागानं. रंगाचं वाटोळं झालं. दादूचा मेव्हणा पेंटर आहे. त्याच्याकडून लाल प्रायमर मारून घेतला, वर पोपटी रंगाचा पहिला हात दिला. (पोपटीच. काळा मला नको होता.) तासाभरात रंग ठिकठिकाणी फाटायला लागला. बॉनेटवर, दारांवर, सगळीकडे माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं. बोट लावलं तर रंग सालासारखा निघतो. पेंटर म्हणतो पत्रा खराब, मी म्हणते तुझा थिनर भेसळीचा. तो चिडला, मी त्याच्यापेक्षा जास्त चिडले. त्याने सगळा रंग खरवडला, पुन्हा दिला, पुन्हा तेच. आता तो फिरकत नाही आणि दादूही तोंड चुकवतो.

आई मात्र रोज गाडीपाशी जाऊन बसतात. मला म्हणाल्या, बाई, कशाला भांडतेस, ती अशी पण छान दिसते. त्यांचं काय, त्यांना सगळंच छान दिसतं.

तुम्ही इतक्या गाड्या बघता. हे कशानं होतं?

ललिता

*

कुवेत
६ मे १९९०

ललिता,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की खोलीतली माणसं उठून बसली.

पेंटरची माफी माग. थिनरचा दोष नाही, पत्र्याचाही नाही. तू एक कर, दाराच्या आतल्या कडेला नाक लावून वास घे. मुशी माशाच्या तेलाचा वास आला तर आईला विचार. आपली होडी होती तेव्हा दर वर्षी पावसाआधी आई तिला मुशीचं तेल चोपडायची, तुला सांगितलंय मी. होडी गेली आणि गाडी आली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला बॉनेटला तेल चोळताना पकडलं होतं. तेव्हा म्हणाली होती, पुन्हा नाय करणार. तिचं ‘नाय’ तुला माहीत आहे.

तू पत्रा उघडा केलास आणि तिच्यानं बघवलं नसेल. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून सगळं अंग घासून काढ, कडक उन्हात वाळव, मग थिनरच्या फडक्यानं पूस आणि मगच प्रायमर.

गाडी तयार झाली की झाकून ठेव. मी येईपर्यंत कुणाच्या हाती द्यायची नाही. अगदीच लागली तर चुलतभाऊ पांडूला बोलाव, त्याच्याकडे लायसन आहे. तू बसू नको. पोपटी कसली गं निवडलीस?

काशिराम

*

पनवेल
३ जून १९९०

दिपाच्या बाबांना नमस्कार.

वास आला.

आईंना विचारलं तर आधी त्या वाल सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “पावसाचे दिस जवल आले, तिच्या अंगावर रंगाचा टिपूस नाय. होडी कवा अशी उघडी ठेवली का आमी?” रोज दुपारी मी बाजारात गेले की या मुशीचं तेल घेऊन बसत होत्या. पेंटरनं खरवडलं, यांनी पुन्हा लावलं. मी तिकडे माणसांशी भांडत होते आणि या इकडे गाडीला माखत होत्या. मला ओरडायचं होतं, पण हसूच आलं. पेंटरच्या घरी मी स्वतः पापलेटं घेऊन गेले.

आणि एक ऐका. दादूनं गाडी जॅकवर चढवून पुढचं पोट तपासलं. मागे जिथे पाट्यांचं पाणी गळायचं तिथे चाळण झाली होती, पण पुढे आडव्या दांड्या, स्टिअरिंगच्या बाजूचा सगळा सांगाडा, ठणठणीत. जिथवर म्हातारीचा हात पोचत होता तिथवर गंज नाही. तुम्हाला ‘नाय’ सांगून दर उन्हाळ्यात त्या खाली सरपटून तेल लावत होत्या. मी त्यांच्या पायाच पडले. त्या म्हणाल्या, आता रंग लाव, तेल नाय लावणार मी. या वेळचं नाय मी मानलं, पण तेलाचा डबा कमळीकडे ठेवून आले.

रंग झाला. दोन हात पोपटी, आरशासारखा. कर्नाळ्यापर्यंत ट्रायलही झाली. चढाला दम लागला नाही, ब्रेक उजवीकडे ओढत होते ते दादूनं बसवले.

पांडूचं काय ते बघते.

ललिता

*

पनवेल
२१ ऑगस्ट १९९०

दिपाच्या बाबांना नमस्कार.

पोस्टातल्या माणसानं पाकीट परत दिलं. कुवेतला काहीच जात नाही, म्हणाला. तरी लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर मला दिवसभर कुणाशी बोलल्यासारखं वाटत नाही. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला हळू आवाज सहन होत नाही.

लढाईची बातमी रेडिओवर आली तेव्हा मी बाजारात होते. त्यानंतर तुमचं काही नाही. नारळी पुनवेला आईंनी समुद्राला नारळ दिला आणि दुसरा आणून गाडीपुढे फोडला. दिपा रोज पेपरातली नावं वाचते. अम्मानहून विमानं येतात म्हणे, माणसं उतरतात. तुम्ही जिवंत आहात. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण मी ते धरून चालले आहे आणि कुणी दुसरं सुचवलं तर त्याला दारात उभा करत नाही.

आता तुम्ही वाचत नाही आहात तोवर सांगून टाकते. पांडूला मी बोलावलंच नाही. कर्नाळ्याला गाडी मी नेली, शेजारी दादू बसला होता आणि सारखं देवाचं नाव घेत होता. इंजिन लागल्यापासून त्याच्याकडूनच चालवायला शिकत होते, लायसन एका फटक्यात मिळालं. जूनपासून रोज पहाटे करंजाच्या बंदरावर मीच जाते. मागची सीट काढून पत्र्याचं तसराळं बसवलंय, पाणी तळात न जाता नळीनं बाहेर पडतं. माझ्या, कमळीच्या आणि आणखी दोघींच्या पाट्या येतात. मासळी ताजी पोचते, गिऱ्हाईक थांबून असतं. टेम्पोवाला परवा हात दाखवून हसला, मी हॉर्न दिला.

हे सगळं तुम्ही समोर असताना सांगायचं होतं. भांडायचं होतं तुमच्याशी. मला तुमची फार भीती वाटते आहे, म्हणजे तुमच्यासाठी. लवकर या.

ललिता

*

मुंबई, माझगाव, सुदामच्या खोलीवरून
१८ सप्टेंबर १९९०

ललिता,

मी आलो आहे. घाबरू नको, हातपाय सगळं आहे. वाळवंटातून अम्मानला, तिथे तंबूत बरेच दिवस, मग विमान. आठवड्यापूर्वी उतरलो. सरळ पनवेलला यायचं सोडून भावाकडे आलो याचा तुला राग येईल. सुदामही रोज शिव्या देतो.

कसा येऊ सांग. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी, एवढंच घेऊन आलोय. खोलीतलं सामान गेलं, मालकाकडे साठवलेला पगार गेला. निघताना अख्ख्या कोळीवाड्यासमोर व्हॅन आणतो म्हणून सांगून गेलो होतो. नारळ फोडून निरोप दिलात तुम्ही मला. आता आई विचारेल, शेजारी विचारतील, कमळी तर विचारेलच. आणखी एक, मी तिथे ड्रायव्हर नव्हतो. लायसन मिळालंच नाही. दोन वर्षं लोकांच्या गाड्या धुतल्या. तुला लिहिता आलं नाही.

सुदाम गोदीत काम बघतो म्हणालाय. वर्ष-दोन वर्षं इथे काढतो, काहीतरी हातात आलं की येतो. आईला एवढंच सांग की सुखरूप आहे. लँडमास्टर चालते ना? पांडू नीट चालवतो ना?

काशिराम

*

पनवेल
२१ सप्टेंबर १९९०

दिपाच्या बाबांना,

नमस्कार आज करत नाही. आठ दिवस मुंबईत बसलात आणि मी इकडे रेडिओला कान लावून. याचं भांडण वेगळं होईल, समोरासमोर.

तुमचं पत्र मी आईंना पूर्ण वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तुम्ही जिवंत आहात हे ऐकल्यावर त्या आधी देवापुढे जाऊन बसल्या. मग उठून आल्या आणि म्हणाल्या, पुढं वाच. व्हॅनचं ऐकलं, गाड्या धुतल्याचं ऐकलं. मग मला म्हणाल्या, “त्याला लिव. दर्यावरून होडी आली का बाया आदी काय करतात? इचारतात का, मासली किती हाय? आदी पान्यात उतरून दोर धरतात. होडी वर घेतात. मग मानसाला पेज देतात. मासलीचं कुनी त्या दिवशी इचारीत नाय, रिकामी असली तर कंदीच इचारीत नाय. ह्याच्या बापाच्या होडीचा दोर मी धरलाय. ह्यो इसरला का?”

तर कोळीवाड्यात कुणी विचारणार नाही. कमळीला मी आत्ताच सांगून आले. तिला जड जाईल, पण कबूल झाली.

गाड्या धुण्याचं मला माहीत होतं. पूर्वी तुम्ही पेणला जाऊन आलात तरी घरात वळणावळणाचं वर्णन चालायचं. दोन वर्षांच्या पत्रांत एक रस्ता नाही, एक वळण नाही. चालवणारा माणूस असा लिहीत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं. विचारलं नाही, कारण तुम्हाला लपवायचं होतं.

आता माझं ऐका. पांडू गाडी चालवत नाही. मी चालवते. जूनपासून. बाकी सगळं येऊन बघा. चिडायचं असेल तर चिडा, पण घरी येऊन.

एक मात्र मला जमत नाही. गाडी मागे घेता येत नाही. परीक्षेत एकदा कशी गेली देवाला ठाऊक, त्यानंतर सरळ गेली नाही. बंदरावर गाडी फिरवायची तर चार बायका उतरून ढकलतात. सगळ्या हसतात, मीही हसते. दादूनं शिकवून बघितलं, हात जोडले. हे तुम्हीच शिकवायचंय.

मी मोटार घेऊन माझगावला येऊ शकते. पण येणार नाही. तुमचे तुम्ही या. मला व्हॅन कधीच नको होती, काशिराम. पहिल्यांदा नाव लिहिते आहे, लिहू द्या. मला तुम्ही घरात हवे होतात. तुम्ही नव्हतात, तुमची गाडी होती, म्हणून मी गाडीला धरून बसले.

दसऱ्याला गाडीची पूजा आहे. एस.टी. स्टॅण्डवर सकाळपासून उभी राहीन.

ललिता

*

मुंबई
२५ सप्टेंबर १९९०

ललिता,

पत्र मिळालं. सुदामनं वाचायला मागितलं, दिलं नाही.

तू चालवतेस हे वाचून आधी चिडलो. मग सुदामच्या बायकोला सांगितलं, मग खालच्या पानवाल्याला, काल गोदीच्या फाटकावर एका अनोळखी माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, खरं की काय? म्हटलं, पोपटी आहे, येऊन बघ.

दसऱ्याला पहिल्या एस.टी.नं निघतो. रिव्हर्स मी शिकवतो, पुढं तूच ने.

आईला सांग, पेज कर. मी रिकामा येतोय. दोर धर.

काशिराम